काडतूस बंदुकीला विचारून भरावे

अमेरिकेत १९६८ साली झालेल्या बंदूक नियंत्रण कायद्याने जुनी बंदूक कोणती, हे ठरवण्यासाठी एक साल पक्के केले आहे. ते साल १८९८. त्या वर्षी किंवा त्याआधी तयार झालेली बंदूक कायद्याने 'अँटिक', म्हणजे पुराणवस्तू. एखाद्या वस्तूला असा शिक्का बसला की तिचे काम संपले, तिची जागा आता काचेच्या कपाटात, असे आपण धरून चालतो. तिकडे तसे नाही. दर वर्षी शरद ऋतूत, साधारण आपल्या दिवाळीच्या आगेमागे, अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो आणि पणजोबांच्या काळातली लिव्हर-अॅक्शन रायफल घेऊन रानात जाणारे लोक आजही आहेत. त्यांतले बरेच जण दुकानातले तयार काडतूस घेत नाहीत. पुंगळी, टिकली, दारू आणि गोळी असे चार जिन्नस वेगवेगळे आणून ते घरच्या टेबलावर आपले काडतूस आपण भरतात.

कोणते काडतूस भरायचे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. वरवर पाहता तो नेमबाजाचा प्रश्न आहे. माझ्या मते तो इतिहासाचा प्रश्न आहे, आणि तेवढ्यासाठीच हा लेख. एकाच नावाचे, एकाच मापाचे काडतूस पन्नास वर्षांच्या अंतराने बनलेल्या तीन बंदुकांत सारखेच बसते. पण ते कोणत्या काळाला धरून भरले आहे यावर बंदूक टिकणार की फुटणार, आणि हरीण जागीच पडणार की जखमी होऊन झुडपात जाऊन तडफडणार, हे ठरते.

माझ्याकडे बंदूक नाही, परवानाही नाही. आपल्या देशात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच उरलेला नाही, आणि ते योग्यच झाले. माझी नोकरी कारखान्यातल्या टूलरूममधली. जुन्या यंत्रांची पेटंटे, कंपन्यांचे कॅटलॉग, भरणीची हँडबुके वाचण्याचा नाद त्यातूनच लागला. आज हे साहित्य घरबसल्या वाचायला मिळते. त्या वाचनातून जे हाती लागले ते इथे मांडतो.

पुंगळी पुन्हा वापरता येऊ लागली

लिव्हर-अॅक्शन रायफल म्हणजे चापाभोवतीची लोखंडी कडी खाली ओढून पुन्हा वर घेतली की रिकामी पुंगळी बाहेर फेकणारी आणि नवे काडतूस आत घेणारी बंदूक. तिची कुळकथा कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन शहराशी जोडलेली आहे. तिथला शर्टांचा कारखानदार ऑलिव्हर विंचेस्टर याने एका डबघाईला आलेल्या बंदूक कंपनीत पैसे घातले, आणि त्याच्याकडे काम करणाऱ्या बेंजामिन टायलर हेन्रीने १८६० मध्ये आपल्या रायफलीचे पेटंट घेतले. नळीच्या खाली दुसरी नळी, तीत एकामागे एक लावलेली काडतुसे, असा तिचा घाट होता.

हेन्रीचे काडतूस 'रिमफायर' होते. म्हणजे पेट घेणारे रसायन पुंगळीच्या बुडाच्या कडेला आतून भरलेले असे. घोडा कडेवर आपटला की कडा चेपून बार उडे. चेपलेली कडा पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे पुंगळी एकदाच वापरायची. माळरानावर, रेल्वेपासून आठ दिवसांच्या वाटेवर राहणाऱ्या माणसाला हे परवडणारे नव्हते.

१८७३ च्या विंचेस्टरने हे बदलले. तिच्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर एक छोटी सुटी टिकली बसवलेली होती. आपल्याकडची मुले दिवाळीत पिस्तुलात घालतात त्या टिकलीचेच हे धातूच्या वाटीत बसवलेले भावंड. बार उडाल्यावर वापरलेली टिकली काढायची, नवी बसवायची, दारू ओतायची, वर गोळी दाबायची, की काडतूस तयार. विंचेस्टरने या कामाचे हत्यारही विकायला काढले. त्याचे पेटंट १८७४ चे आहे. पुढे १८८४ मध्ये जॉन बार्लो याने न्यू हेवनलाच 'आयडियल' नावाची कंपनी काढली. तिचे भरणीचे हत्यार चित्रात पाहिले की आपल्याला अडकित्ताच आठवतो. दोन दांडे, एका टोकाला बिजागरी, मध्ये पुंगळी धरायची जागा. काही नमुन्यांना तर गोळी ओतण्याचा साचाही जोडलेला. खोगिराच्या पिशवीत मावणारा हा कारखाना होता. आयडियल पुढे मार्लिनकडे आणि १९२५ मध्ये लायमनकडे गेली. लायमन आजही भरणीची हत्यारे आणि पुस्तके काढते.

तेव्हा हाताने काडतूस भरणे ही हौस नव्हती, ती गरज होती. पुंगळी जपून ठेवायची, शिसे आणि दारू बाजारातून वजनावर आणायची, आणि चुलीवर शिसे वितळवून गोळ्या ओतायच्या. त्या काळच्या घरखर्चातली ही एक बाब होती.

नावातच दिलेली पाककृती

१८७३ च्या रायफलीचे मुख्य काडतूस '४४-४०' या नावाने ओळखले जाते. पहिला आकडा गोळीची जाडी सांगतो, इंचाचे शंभर भाग केले तर साधारण चव्वेचाळीस. दुसरा आकडा दारूचे वजन सांगतो, चाळीस ग्रेन, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅम. गोळी दोनशे ग्रेनची, म्हणजे तेरा ग्रॅमच्या आसपास. ३८-५५, ४५-७०, ३२-४० ही नावे अशीच बनली. नाव म्हणजेच पाककृती.

ही दारू अर्थातच काळी दारू : सोरा, गंधक आणि कोळसा. त्यातला सोरा हा तीन-चतुर्थांश. अमेरिकेच्या या कथेत आपला देश येतो तो इथे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातल्या चांगल्या सोऱ्याचा मोठा भाग बिहारच्या मातीतून निघत होता. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटल्यावर अमेरिकन सरकारने ड्यू पाँ दारू कंपनीच्या लॅमॉट ड्यू पाँ याला गुपचूप इंग्लंडला पाठवले, ते हिंदुस्थानातून आलेला सोरा विकत घेण्यासाठी. त्याच सुमाराला 'ट्रेंट' जहाजाच्या प्रकरणावरून दोन देशांत वितुष्ट आले आणि ब्रिटनने सोऱ्याची निर्यात रोखली. १८६२ च्या आरंभी तिढा सुटला तेव्हाच तो माल अटलांटिकपार गेला. हेन्री रायफल याच युद्धात प्रथम रणांगणावर आली.

काळ्या दारूचा एक गुण हातभरणी करणाऱ्याच्या फार उपयोगाचा होता. पुंगळी काठोकाठ भरून वर गोळी दाबली, की जेवढी दारू हवी तेवढीच आत गेलेली असे. मधे पोकळी ठेवायची नाही, दारू किंचित दाबलेली हवी, हा एवढाच नियम. चुकून दुप्पट दारू पडण्याची सोय नव्हती, कारण ती मावतच नसे. तराजू नसलेल्या माणसालाही डावासारख्या मापाने काम भागवता येई.

गंमत अशी, की आजच्या नव्या ४४-४० पुंगळीत चाळीस ग्रेन दारू सहजी मावत नाही. जुन्या पुंगळीचे बूड पातळ आणि आतून खोलगट होते. आताच्या पुंगळीचे बूड भरीव, म्हणून आतली जागा कमी. नाव चाळीसचे, पण माणूस पस्तीस-छत्तीसवर थांबतो.

बिनधुराच्या दारूने घातलेला पेच

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने बिनधुराची दारू तयार केली. दोन वर्षांत फ्रेंच सैन्याच्या हाती तिची रायफल आली, आणि दहा वर्षांत ती अमेरिकन शिकाऱ्यापर्यंत पोचली. विंचेस्टरची १८९४ ची रायफल जॉन ब्राउनिंगच्या आराखड्यावर बनलेली. ती आधी ३२-४० आणि ३८-५५ या काळ्या दारूच्या काडतुसांसाठी निघाली. १८९५ मध्ये निकेलमिश्रित पोलादाची नळी बसवून तीच रायफल नव्या दारूच्या काडतुसासाठी विक्रीला आली. हे काडतूस म्हणजे जगप्रसिद्ध ३०-३०. जुन्या सवयीने त्यालाही दोन आकड्यांचे नाव पडले, पण आता दुसऱ्या आकड्याचा अर्थ बदलला होता. तीस ग्रेन नवी दारू ही तीस ग्रेन काळी दारू नव्हे. ३०-३० साठी मान्य असलेला दाब ४४-४० च्या दाबाच्या तिपटीहून अधिक आहे.

इथे हातभरणीचा पेच सुरू झाला. नवी दारू थोडीशीच लागते, त्यामुळे पुंगळी अर्धीअधिक रिकामी राहते. त्याच पुंगळीत चुकून दुसऱ्यांदा दारू ओतली तरी ती मावते आणि बाहेरून काही कळत नाही. मापात घेतली तर अंदाज चुकतो, म्हणून तराजू हवाच. काळी दारू माणसाला ज्या ठिकाणी थांबवत होती, त्या ठिकाणी आता त्याने स्वतः थांबायचे होते.

बंदुकीच्या पोटातला फरकही इथेच ध्यानात घ्यावा लागतो. १८७३ च्या रायफलीत बार उडताना मागचा दट्ट्या जागेवर धरून ठेवणारी रचना आपल्या कोपरासारखी आहे. हात सरळ ताणला की समोरून आलेला धक्का पेलता येतो, तशा दोन पट्ट्या एका रेषेत येऊन धक्का पेलतात. काळ्या दारूला ती पुरेशी होती. ब्राउनिंगने १८८६ च्या रायफलीत दोन उभे पोलादी खिळे दट्ट्याच्या दोन्ही बाजूंनी वर चढवले, आणि १८९२ मध्ये तीच रचना लहान करून ४४-४० साठी दिली. म्हणजे १८७३ आणि १८९२ या दोन्ही रायफलींत तेच काडतूस बसते, पण दोघींची ताकद वेगळी.

दोन्ही रायफली एकाच वेळी बाजारात विकल्या जात होत्या. १९०३ पासून विंचेस्टरने ४४-४० चे 'हाय व्हेलॉसिटी', म्हणजे वाढीव वेगाचे काडतूस विकायला काढले, आणि ते १८९२ च्या मॉडेलसाठी आहे असे डब्यावर छापले. डब्यावरचे छापील शब्द डबा असेपर्यंतच. सुटे काडतूस खिशात पडले की त्याचे वय आणि ताकद डोळ्यांना दिसत नाही.

आजच्या भरणी-पुस्तकांत ४५-७० या काडतुसाची माहिती तीन वेगळ्या तक्त्यांत दिलेली आढळते. पहिला तक्ता जुन्या स्प्रिंगफील्ड लष्करी बंदुकीसाठी, दुसरा लिव्हर-अॅक्शनसाठी, तिसरा आजच्या मजबूत एकबारी रायफलींसाठी. काडतूस एक, पुंगळी एक, आणि तक्ते तीन. त्यातही दुसऱ्या तक्त्याचे आकडे आजच्या पोलादाच्या रायफली समोर ठेवून काढलेले असतात. १८८८ सालची रायफल लिव्हर-अॅक्शन असली, तरी जाणते लोक तिला पहिल्या तक्त्यात बसवतात.

कायद्याचे १८९८ साल इथे फारसे मदतीला येत नाही. १८९७ मधली ३०-३० ची रायफल कायद्याने पुराणवस्तू आहे, पण ती बिनधुराच्या दारूसाठीच जन्मली. उलट १८७३ चे मॉडेल १९०० नंतरही तयार होत होते. असा एखादा नग कायद्याने पुराणवस्तू नाही, पण त्याची रचना कोपराचीच आहे. म्हणून बंदुकीवरचा नंबर पाहून साल काढायचे, पण तिथे थांबायचे नाही. मॉडेल कोणते, नळीचे पोलाद कोणते, दट्ट्या कसा अडतो, हे तिन्ही पाहायचे. बिनधुराच्या दारूची मापे मी या लेखात मुद्दाम देत नाही. ती नेमक्या मॉडेलच्या नावाने छापलेल्या चालू पुस्तकातूनच घ्यायची असतात.

नळीचे माप

यापुढचा भाग माझ्या ओळखीचा आहे. टूलरूममध्ये इंचाच्या हजाराव्या भागाला आम्ही 'थाऊ' म्हणतो. जुन्या रायफलीच्या बाबतीत सगळा खेळ दोन-चार थाऊंचा आहे.

आज कारखान्यात एकाच मापाच्या हजारो नळ्या निघतात. एकोणिसाव्या शतकात तसे नव्हते. ३८-५५ च्या जुन्या नळ्यांत खाचांच्या तळाशी मोजलेला व्यास ३७९ थाऊच्या आसपास, कधी त्याहून जास्तही भरतो. आजच्या बाजारात त्याच नावाने मिळणारी गोळी बहुधा ३७५ ते ३७७ थाऊची असते. दिसायला फरक नाही. पण गोळी नळीपेक्षा बारीक असली की गरम वायू तिच्या कडेने पुढे निसटतो, शिसे वितळवत जातो, गोळीला खाचांची पकड मिळत नाही आणि ती नीट फिरत नाही. अशी गोळी लक्ष्यावर कधीकधी आडवी आपटते. कागदावर ती लांबट भोक पाडते. हरणाच्या अंगावर ती काय करील हे सांगायला नको.

यावर उपाय जुना आणि साधा आहे. नळीला आतून तेल लावायचे, मऊ शिशाचा एक गोळा तोंडाशी ठेवायचा, आणि पितळेच्या किंवा लाकडाच्या दांड्याने हलके ठोकत तो आरपार काढायचा. बाहेर आलेल्या गोळ्यावर नळीचा ठसा उमटलेला असतो. तो मायक्रोमीटरने मोजायचा आणि गोळीचा साचा त्यापेक्षा एक-दोन थाऊ मोठा निवडायचा. बाजार देईल ते घेण्याऐवजी बंदुकीला विचारून घेणे म्हणजे हेच. जुन्या रायफलीसाठी हातभरणी का लागते, याचे सगळ्यात पटणारे कारण मला हे वाटते. वाढीव ताकद मिळवण्यासाठी ती नाही, मापात बसण्यासाठी आहे.

जुन्या नळ्या झिजलेल्या का असतात, यामागेही एक मजेची साखळी आहे. त्या काळच्या टिकलीत पोटॅशियम क्लोरेट असे, आणि बार उडाल्यावर नळीत मिठाच्या जातीचा क्षार उरे. काळी दारूही घाण करी, म्हणून लोक नळी गरम पाण्याने धूत. त्या धुण्यात क्षारही निघून जाई. बिनधुराची दारू आली, नळी वरकरणी स्वच्छ दिसू लागली, आणि लोकांनी पाणी सोडले. क्षार तसाच राहिला आणि नळ्या गंजल्या. १९२७ च्या सुमारास रेमिंग्टनने न गंजवणारी टिकली बाजारात आणली, तोवर दोन पिढ्यांच्या रायफली खराब झाल्या होत्या. पाऱ्याच्या संयुगाच्या टिकल्यांची कथाही अशीच : बिनधुराच्या दारूबरोबर वापरल्यावर त्यांतला पारा पितळेत मुरून पुंगळी ठिसूळ करी. म्हणून आजोबांच्या पेटीतल्या जुन्या पुंगळ्या, कितीही चकचकीत असल्या तरी, भरणीला घेऊ नयेत असे जाणकार सांगतात.

गोळीचा धातू निवडतानाही हेच. मऊ शिशात थोडे कथील, वीस भागांस एक भाग किंवा सोळास एक, हे जुने मिश्रण. ते नळीत नीट बसते आणि हरणाला लागल्यावर पसरते. अँटिमनी घालून कडक केलेली गोळी नेम धरते, पण पसरत नाही. बारीक भोक पाडून पार जाते. गोळीच्या खाचांत मधमाशांचे मेण आणि चरबी भरायची, म्हणजे काळ्या दारूची काजळी मऊ राहते. काडतूस आणि चरबी हे शब्द एकत्र आले की आपल्याला १८५७ आठवते. तिथली चरबी कागदी काडतुसावर होती, इथली गोळीच्या खाचांत दडलेली.

गोळीचे टोक मात्र चपटेच हवे. नळीखालच्या मॅगझिनमध्ये काडतुसे एका ओळीत असतात. एकाच्या गोळीचे टोक पुढच्या काडतुसाच्या टिकलीला टेकलेले असते. टोक अणकुचीदार असेल आणि बंदुकीने धक्का दिला, तर हातातच मॅगझिन पेटू शकते. हेन्रीच्या घाटाचे हे बंधन दीडशे वर्षे सुटले नाही. ब्राउनिंगने १८९५ च्या मॉडेलमध्ये पेटीसारखे मॅगझिन देऊन ते टाळले. केनेथ अँडरसन दक्षिण भारतातल्या आपल्या शिकारकथांत जी ४०५ विंचेस्टर वापरतो, ती याच मॉडेलची. नळीच्या मॅगझिनमध्ये चालेल अशी रबरासारख्या मऊ टोकाची टोकदार गोळी आली ती थेट एकविसाव्या शतकात.

हातभरणी करणाऱ्यांचा विचार कारखान्यालाही करावा लागे, याचा एक पुरावा शिल्लक आहे. ३०-३० च्या नळीतल्या खाचा दर बारा इंचांत एक फेरा घेतात. काळ्या दारूची काजळी आणि ओतीव शिशाची गोळी यांना इतका घट्ट पीळ मानवत नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी विंचेस्टरने त्याच १८९४ मॉडेलसाठी '३२ स्पेशल' काढले, त्यात सोळा इंचांचा सैल पीळ ठेवला. घरी काळी दारू भरू पाहणाऱ्या गिऱ्हाइकाला धरून ठेवण्याचा त्यात हेतू होता.

हरणाच्या बाजूने

आतापर्यंत बंदुकीची बाजू पाहिली. पण काडतुसाच्या दुसऱ्या टोकाला एक जीव असतो. पांढऱ्या शेपटीचे हरीण अमेरिकेत १९०० च्या सुमारास पाच लाखांच्या आसपास किंवा त्याहूनही कमी उरले होते. बाजारात मांस विकण्यासाठी झालेली बेसुमार शिकार हे त्याचे मुख्य कारण, आणि त्यात चटचट बार काढणाऱ्या या रायफलींचाही वाटा होता. १९०० च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा राज्याराज्यांतला व्यापार बंद केला. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. आज ही हरणे तीन कोटींच्या घरात आहेत.

त्याबरोबर एक नीतीही आली : एकाच गोळीत जनावर पडले पाहिजे. काही राज्यांनी ती आकड्यांत बांधली. कोलोरॅडोत हरणासाठी वापरायच्या रायफलीच्या गोळीत शंभर यार्डांवर किमान एक हजार फूट-पौंड ऊर्जा हवी आणि गोळी पसरणारी हवी. काळ्या दारूची ४४-४० नळीच्या तोंडाशीच सातशेच्या आसपास भरते. ३८-५५ तोंडाशी जेमतेम हजार. दोन्ही या अटीत बसत नाहीत, ३०-३० बसते. अनेक राज्यांत ऊर्जेची अशी अट नाही, तिथे ४४-४० आजही चालते.

पण कायदा नसला तरी गणित तेच राहते. मग भरणी करणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. दारू वाढवून ऊर्जा वाढवायची, किंवा अंतर कमी करायचे. १८७३ च्या रायफलीला पहिली वाट बंद आहे. म्हणून तिचा समजूतदार मालक पन्नास-साठ यार्डांच्या आत आल्याशिवाय चाप ओढत नाही. त्याची भरणी त्याला चालायला, थांबायला आणि पुष्कळदा रिकाम्या हाताने परतायला लावते.

पसरणाऱ्या गोळीची अट वाचताना आपल्याला कलकत्त्याजवळचे दमदम आठवावे. तिथल्या दारूगोळा कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले याने १८९० च्या दशकात वायव्य सरहद्दीवरच्या लढायांसाठी मऊ टोकाची गोळी बनवली. तिने होणाऱ्या जखमांवरून युरोपात ओरड झाली आणि १८९९ च्या हेग परिषदेने युद्धात अशा गोळीला बंदी घातली. शिकारीत मात्र तीच सक्तीची झाली. सैनिकाला जायबंदी केले तरी लढाईचा हेतू साधतो. हरणाला जायबंदी करणे हा गुन्हाच.

शिशाचा हिशेब

या विषयातला सर्वांत अवघड प्रश्न आजचा आहे. मऊ शिशाची गोळी जनावराच्या अंगात फुटते आणि तिचे कण आतड्यांत राहतात. शिकारी आतडी रानात टाकून जातात. ती खाणाऱ्या कॅलिफोर्निया कॉन्डॉर या महाकाय गिधाडाला शिशाची विषबाधा होते. १९८२ मध्ये हे पक्षी जगात फक्त बावीस उरले होते. उरलेसुरले सगळे १९८७ पर्यंत पकडून पिंजऱ्यात वाढवले, पुन्हा रानात सोडले, आणि आज त्यांची संख्या पाचशेच्या पुढे आहे. पण रानात त्यांना मारणाऱ्या कारणांत शिसे अजूनही पहिले. डायक्लोफिनॅकने आपली गिधाडे कशी संपवली हे आपण पाहिले आहे. मेलेल्या जनावरातून विष पोचण्याची वाट दोन्हीकडे एकच. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली.

पर्याय तांब्याच्या गोळीचा. पण तांबे शिशापेक्षा हलके, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी सुमारे पाव हिश्शाने लांब होते. लांब गोळी स्थिर फिरायला घट्ट पीळ हवा, आणि ४४-४० च्या जुन्या नळीचा पीळ तर छत्तीस इंचांत एक फेरा इतका सैल. वजन कमी करून गोळी आखूड ठेवता येते, पण मग मुळातच तोकडी ऊर्जा आणखी घटते. शिवाय तांबे कडक. शंभर वर्षांपूर्वीच्या मऊ नळीला ते मानवत नाही, आणि मंद वेगात ते नीट पसरतही नाही. ज्या धातूसाठी ही बंदूक बनली तोच आता नको झाला आहे.

यावर मला जे योग्य वाटते ते सांगतो. कॉन्डॉर जिथे उडतो तिथे ही रायफल भिंतीवर राहावी. इतरत्र मऊ शिशाची गोळी वापरणाऱ्याने आतडी पुरून टाकावीत किंवा सोबत न्यावीत. बंदुकीच्या दाबाची मर्यादा, नळीच्या मापाची मर्यादा, अंतराची मर्यादा जो पाळतो, त्याला ही चौथी मर्यादा जड जाऊ नये.

काही मित्र मला विचारतात, जी गोष्ट आपण कधी करणार नाही, आपल्या कायद्यात बसत नाही, तिच्यावर इतके वाचून काय उपयोग? मला या विषयात दिसते ते असे : जुने हत्यार वापरणे म्हणजे ते ज्या काळात, ज्या धातूने, ज्या दारूसाठी घडले त्या काळाच्या अटी मान्य करणे. विंचेस्टरच्या कॅटलॉगात, बार्लोच्या हँडबुकात, पुंगळीच्या बुडावर आणि नळीच्या पिळात त्या अटी लिहिलेल्या आहेत. त्या वाचल्याशिवाय भरलेले काडतूस बंदुकीत बसेल, उडेलही. पण त्याने काय होईल ते उडवणाऱ्याच्या हातात राहणार नाही. त्या वाचून भरलेले काडतूस ताकदीने थोडे कमी असते, आणि त्यामुळेच दीडशे वर्षांची रायफल पुढच्या हंगामातही तिच्या मालकाच्या हाती शाबूत राहते.